सुरीच्या मुठीसाठी हाड तयार करताना

माझी पहिली हाडाची मूठ जेमतेम सात महिने टिकली. बसवली तेव्हा पांढरीशुभ्र, गुळगुळीत, हातात घेतली की गार लागायची. हवा तापली तसे रिबिटांभोवती पिवळे डाग फुटायला लागले. मग हाताला चिकटपणा, मग खवट वास, आणि शेवटी एका बाजूची पट्टी इपॉक्सी या दोन भाग मिसळून लावायच्या गोंदासकट पात्यावरून अलगद सुटून आली. आत बघितलं तर गोंदाखाली तेलाचा थर. ते हाड मी प्रेशर कुकरमध्ये उकळून घेतलं होतं, चांगल्या सहा शिट्ट्या काढून, आणि ‘आता झालं स्वच्छ’ म्हणून खूशही झालो होतो.

तेव्हापासून बऱ्याच मुठी केल्या. आता कुणी विचारलं तर एकच सांगतो: करवत, कानस, पॉलिश हे सगळं जमतं, सवयीने हात बसतो. मूठ टिकणार की नाही ते हाडातली चरबी काढताना ठरतं. म्हणून या लेखात चरबीला जागा जास्त आहे आणि पॉलिशला कमी.

हाड म्हणजे नक्की काय

सुक्या हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. उरलेलं बहुतेक कोलॅजेन, म्हणजे प्रथिनाचे चिवट तंतू. खनिजामुळे हाड कडक होतं, कोलॅजेनमुळे ते तुटत नाही. शाळेतला प्रयोग आठवत असेल: हाड बरेच दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं की खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं. उलट, हाड जाळून कोलॅजेन घालवलं तर बोटांत चुरा होतो. आपल्याला दोन्ही शाबूत हवेत.

जास्त वेळ उकळणं वाईट का, तेही यातच आलं. ओल्या उष्णतेत कोलॅजेनचं जिलेटिन होतं. हाडांचं सूप गार झाल्यावर थरथरायला लागतं त्यात हेच जिलेटिन असतं. ते सूपमध्ये आलं, म्हणजे हाडातून गेलं. कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं, त्यामुळे हे नुकसान आणखी झपाट्याने होतं. असं हाड दिसायला पांढरं आणि स्वच्छ, पण खडूसारखं असतं आणि ड्रिल लागताच कपची उडते. वर चरबी वितळून बाहेर पडण्याऐवजी बारीक छिद्रांत आणखी खोल मुरते, ती वेगळीच.

कुठलं हाड घ्यायचं

गाय, बैल, म्हैस, उंट अशा मोठ्या जनावराच्या पायाचं नळीचं हाड. त्यातही गुडघ्याखालचं, खुराच्या वरचं सरळ हाड सर्वांत कामाचं. मोठ्या गुरांमध्ये त्याच्या भिंतीची जाडी चांगली मिळते आणि उंटाचं त्याहून जाड असतं. या हाडाच्या पुढच्या अंगाला मधोमध एक उभी खाच दिसेल. जन्माआधी तिथे दोन हाडं असतात, ती जुळून एक होतात, त्याची ती खूण. पट्ट्या काढताना खाच टाळायची आणि दोन्ही बाजूंच्या सपाट अंगांकडे बघायचं. मांडीचं हाड जाड दिसतं खरं, पण गोल असल्यामुळे त्यातून सपाट पट्टी अरुंद निघते.

शेळी-मेंढीच्या हाडाची भिंत पट्ट्यांसाठी फार पातळ. पण छोट्या सुरीला अख्खी नळीच मूठ म्हणून वापरायची असेल तर ते छान दिसतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

जनावर पूर्ण वाढलेलं असावं. कोवळ्या जनावराचं हाड सच्छिद्र असतं आणि वाळताना जास्त आकसतं. कुत्र्यांना चघळायला विकतात ती तयार हाडंही चालतात असं बरेच जण म्हणतात. माझा अनुभव संमिश्र आहे, कारण त्यातली बरीच भट्टीत भाजलेली किंवा धुरी दिलेली असतात. एक तुकडा कापून बघा. कडा भुसभुशीत वाटली तर पैसे गेले असं समजा.

माळरानावर उन्हापावसात पांढरं पडलेलं हाड फुकट मिळतं म्हणून उचलू नका. एक तर त्यातलं कोलॅजेन संपलेलं असतं, वरून दिसणारी बारीक चीर आत खोलवर गेलेली असते. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जनावर कशाने मेलं ते माहीत नसतं. अँथ्रॅक्सचे बीजाणू कित्येक दशकं जिवंत राहतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड या बेटावर अँथ्रॅक्सच्या चाचण्या झाल्या. ते बेट पुन्हा सुरक्षित जाहीर व्हायला १९९० साल उजाडलं. अशा हाडाची धूळ नाकात जाणं म्हणजे उगाच विकतचं दुखणं. खाटकाकडून, तपासणी झालेल्या जनावराचं ताजं हाड घ्या. कवटी आणि पाठीचा कणा नको. जंगली प्राण्यांची हाडं-शिंगं नकोत, कारण त्यांचे कायदे वेगळे आणि कडक असतात.

मांस काढणं आणि पहिला काप

ताजं हाड आणल्यावर बोथट सुरीने मांस, स्नायू आणि वरची पातळ पापुद्र्यासारखी त्वचा खरवडून काढा. धारदार सुरीने हाडावर ओरखडे उठतात आणि ते पुढे रंग पितात. सगळं निघणार नाही, निघायलाही नको. उरलेलं सुटावं म्हणून हाड गरम पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी चालतं, पण पाणी उकळू द्यायचं नाही. बुडबुडे यायला लागले की आच बंद.

मग दोन्ही टोकं कापून टाका. टोकांना आतून स्पंजासारखी जाळी असते, मुठीला तिचा काही उपयोग नाही आणि चरबी साठवायला तिच्याइतकी दुसरी जागा नाही. नळी मोकळी झाली की तारेने किंवा बाटली धुवायच्या लांब ब्रशने आतली मज्जा बाहेर काढा.

इथे मी बहुतेकांपेक्षा वेगळं करतो. बरेच जण आधी अख्खी नळी स्वच्छ करून, वाळवून मग कापतात. मी चरबी काढण्याआधीच नळी उभी चिरून पट्ट्या करतो, हव्या त्या मापापेक्षा दीड-दोन मिलिमीटर जाड आणि लांबीला सेंटीमीटरभर जास्त. पट्टीतून चरबीला दोन्ही बाजूंनी वाट मिळते आणि काम जवळजवळ निम्म्या वेळात होतं. शिवाय ओलं हाड कापायला मऊ आणि धूळही कमी. तोटा एवढाच की वाळताना पट्टी थोडी वाकते, त्यासाठी तर ते जास्तीचे मिलिमीटर ठेवायचे.

कापायला हॅक्सॉ पुरेसा आहे, इंचाला २४ किंवा ३२ दातांचं बारीक पान लावून. हाड वाइसमध्ये धरताना दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे द्या, नाहीतर दाबाने तडा जातो. जळक्या केसांसारखा वास आला की हात थांबवा. वास आला म्हणजे हाड तापलं. दोन्हींतलं प्रथिन जळतं तेव्हा असाच वास येतो.

चरबी काढणं

एक झाकणाचा डबा, कोमट पाणी, भांडी घासायचं साधं लिक्विड आणि धीर. एवढंच साहित्य.

पाणी हाताला सोसवेल इतपत गरम हवं, साधारण ४० ते ४५ अंश. थंड पाण्यात चरबी गोठून बसते आणि साबण नुसता फेसाळतो. लिटरभर पाण्याला दोन-तीन चमचे लिक्विड पुरे, जास्त घातल्याने काम वेगाने होत नाही. पाणी कायम गरम ठेवायची सोय असेल तर उत्तम, नसेल तर रोज एकदा पाणी बदलून गरम घाला. पहिल्या दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ होईल, वर तेलाचा तवंग येईल, वासही येईल. हे चांगलं लक्षण. तवंग काढून पाणी फेकायचं, नवं भरायचं. पुढे पुढे पाणी बदलायचं अंतर तीन-चार दिवसांवर नेता येतं.

कपडे धुवायच्या पावडरीत बऱ्याचदा एन्झाइम असतात. रक्ताचे, अन्नाचे डाग काढणारं एन्झाइम प्रथिन तोडतं, आणि कोलॅजेन हे प्रथिनच. म्हणून ती पावडर या डब्यात नको. कॉस्टिक सोडा तर अजिबात नको.

किती दिवस? पट्ट्यांना माझ्याकडे तीन ते चार आठवडे लागतात, अख्ख्या नळीला दोन महिनेही लागले आहेत. जुन्या, लठ्ठ जनावराचं हाड सर्वांत हट्टी. दिवस मोजण्यापेक्षा हाड तपासा. पट्टी बाहेर काढून दोन दिवस सुकू द्या आणि उजेडासमोर धरा. चरबी गेलेला भाग खडूसारखा अपारदर्शक पांढरा दिसतो, चरबी उरलेला भाग मेणासारखा, पिवळट आणि किंचित पारदर्शक. मग ती टिश्यू पेपरवर ठेवून उबदार जागी अर्धा दिवस राहू द्या. कागदावर तेलाचा डाग उमटला तर पट्टी परत डब्यात. कंटाळा येतो, मान्य आहे. मी एकदा ‘एवढासा तर डाग आहे’ म्हणून पुढे गेलो आणि तो एवढासा डाग पॉलिश झाल्यावर मुठीच्या बरोबर मधोमध उगवला.

शेवटची हट्टी चरबी काढायला काही जण वाळलेलं हाड अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवतात. काम होतं. पण अॅसिटोनची वाफ सहज पेट घेते, म्हणून हे उघड्यावर, झाकण घट्ट असलेल्या काचेच्या बरणीत, आसपास आग किंवा ठिणगी नसताना करायचं. घरात हा उद्योग नको. पेट्रोलचा सल्लाही ऐकायला मिळतो. तो ऐकायचा आणि सोडून द्यायचा.

पांढरं करायचं की नाही

चरबी नीट गेली असेल तर हाड आपोआप सुंदर दुधी रंगाचं होतं आणि मला तेच आवडतं. अगदी पांढरं हवं असेल तर औषधाच्या दुकानात मिळतं ते ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या आणि त्यात पट्ट्या एक-दोन दिवस बुडवा. डब्याचं झाकण सैल ठेवा, कारण त्यातून ऑक्सिजन सुटतो आणि घट्ट झाकलेला डबा फुगून फुटू शकतो. हातमोजे घाला. नंतर साध्या पाण्यात दिवसभर ठेवून धुवा.

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कधीही नको. ते चरबी नव्हे, कोलॅजेन खातं. धुतल्यावरही छिद्रांत राहून काम चालूच ठेवतं आणि काही महिन्यांनी हाडाचा पृष्ठभाग भुकटीसारखा झडायला लागतो.

वाळवणं

सावलीत, हवेशीर जागी, जाळीवर. उन्हात ठेवलं की बाहेरचा थर आतल्यापेक्षा आधी आकसतो आणि उभी चीर पडते. ओव्हन, हेअर ड्रायर, पंख्याचा थेट झोत, यातलं काही नको. पट्ट्यांना तीन-चार आठवडे, नळीला त्याच्या दुप्पट. वाळलं का हे ओळखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. पट्टीवर पेन्सिलने वजन आणि तारीख लिहायची. आठवडाभराने तेवढंच भरलं तर वाळलं.

बारीक चीर दिसली तर पातळ सुपरग्लूचा थेंब तिच्या तोंडाशी सोडा, तो स्वतःच आत ओढला जातो. चीर पट्टीच्या आरपार गेली असेल तर ती पट्टी बाजूला ठेवा, बटणं किंवा छोटं काही करायला होईल.

धूळ

हाडाची धूळ फार बारीक असते आणि फुप्फुसात बसली की सहज निघत नाही. एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क, गॉगल, आणि शक्य तिथे ओलं घासकाम. पट्टी पाण्यात बुडवून वॉटर पेपरवर घासली तर धूळ उडत नाही, हाड तापतही नाही. मशीनवर घासत असाल तर दर काही सेकंदांनी पट्टी हाताला लावून बघा, चटका बसायच्या आत थांबा. कपड्यांवरची धूळ घरात नेऊ नका, झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

पात्यावर बसवणं

आधी पट्टीची आतली बाजू सपाट. काच किंवा फरशीच्या तुकड्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून पट्टी त्यावर आठच्या आकड्यात फिरवा. आतल्या बाजूला स्पंजासारखी जाळी दिसत असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत घासायचं. तिथे गोंद धरत नाही, ओल मात्र धरते. सपाट झाल्यावर चार-पाच मिलिमीटर जाडी उरली तर पुरे.

भोकं पाडताना पट्टीखाली लाकडाची फळी, नवं धारदार बिट, कमी वेग, आणि बिट वारंवार वर उचलणं. रिबिट किंवा पिन ५ मिलिमीटरची असेल तर भोक ५.१ किंवा ५.२ चं. पिन हाताने सरकली पाहिजे. लाकडी मुठीत ठोकून बसवलेली पिन शोभते, हाडात तीच पिन तडा पाडते, कधी लगेच तर कधी पहिल्या थंडीत. म्हणून हाडाला पिन ठोकून डोकं पसरवायचं नाही, इपॉक्सीतच बसवायची. भोक पट्टीच्या टोकापासून किमान सेंटीमीटरभर आत घ्या.

हाड आणि पोलाद यांच्यामध्ये पातळ फायबरचा थर देणं मला फार पटतं. हवेतल्या ओलीप्रमाणे हाड थोडं फुगतं-आकसतं, पोलाद तसं करत नाही. मधला थर ती ओढाताण थोडी झेलतो. लाल किंवा काळा घेतला तर पांढऱ्या हाडाशेजारी रेघ उठून दिसते, हा वरचा नफा.

चिकटवण्याआधी सगळे पृष्ठभाग ८० नंबरने खरखरीत करा आणि अॅसिटोनने पुसा. त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही, हाताचंही तेल असतं. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी नको, २४ तासांचं घ्या. क्लॅम्प फक्त पट्ट्या जागेवर राहतील इतकाच आवळा. जास्त आवळला की गोंद सगळा बाहेर येतो आणि आत कोरडं राहतं.

अख्ख्या नळीची मूठ करायची असेल तर पात्याचं शेपूट बारीक, आत जाईल असं हवं. नळी आतून तारेच्या ब्रशने खरखरीत करून इपॉक्सीने पूर्ण भरायची आणि पातं सरळ उभं धरून ठेवायचं. इपॉक्सी एकदम जास्त ओतलं तर सुकताना तापतं, म्हणून दोन टप्प्यांत भरा. उघडं टोक हाडाच्याच किंवा लाकडाच्या चकतीने बंद करा.

आकार, रंग, चकाकी

गोंद पक्का झाल्यावर कानशीने आकार द्या, मग १२०, २२०, ४००, ६००, १०००. एकही नंबर गाळू नका. हाडावर आधीच्या नंबरचे ओरखडे पॉलिशनंतरच दिसतात, आणि तेव्हा मागे जाणं जिवावर येतं. या टप्प्याला पातं टेपने गुंडाळलेलं असू द्या. मशीनवर पोलाद तापलं तर उष्णता इपॉक्सीपर्यंत जाते आणि बहुतेक इपॉक्सी ६०-७० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतात.

रंग द्यायचा तर तो आकार दिल्यावर पण शेवटच्या पॉलिशआधी. कडक काळ्या चहात एक-दोन दिवस ठेवलेलं हाड जुन्या वस्तूसारखं बदामी होतं. चहाचा तेवढा अपवाद: ते करायचं असेल तर पट्टी चिकटवण्याआधीच, आणि नंतर पुन्हा वाळवायची. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने गडद तपकिरी रंग येतो. जुन्या खिशातल्या चाकूंवर खडबडीत, खाचा पाडलेली हाडाची मूठ दिसते, ती हरणाच्या शिंगाची नक्कल. छोट्या ग्राइंडरवर गोल बर, म्हणजे गोल दातेरी टोक, लावून तसे खड्डे पाडता येतात. रंग दिल्यावर उंचवटे घासून उजळ केले की खड्ड्यांत गडद रंग राहतो आणि पकडही चांगली मिळते.

घासून झालेल्या हाडावर बारीक गडद ठिपके आणि रेघोट्या दिसतील. घाबरू नका, तो मळ नाही. जिवंत हाडात रक्तवाहिन्या ज्या नळ्यांतून जायच्या त्यांची ती तोंडं. अस्सल हाडाची ओळखच ती. हस्तिदंतात असे ठिपके नसतात, त्याच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची नक्षी असते. ‘हे हस्तिदंत तर नव्हे?’ असं कुणी विचारलंच तर भिंग देऊन ठिपके दाखवा.

चकाकीसाठी कापडी बफ आणि पांढरं पॉलिशिंग कंपाउंड, हलक्या हाताने. बफ नसेल तर कापडावर खडूची वस्त्रगाळ पूड आणि पाण्याचे थेंब घेऊन अर्धा तास चोळा, तितकंच छान होतं. वरून मेणाचा पातळ हात. जवसाचं तेल लावू नका, ते पिवळं पडतं. महिनाभर खपून हाडातून तेल काढलं आणि शेवटी पुन्हा तेलच पाजलं, असं व्हायला नको.

सुरी कुणाला देणार असाल तर सोबत एवढं सांगा: डिशवॉशर नाही, पाण्यात भिजत ठेवणं नाही, लिंबू कापल्यावर मूठ लगेच धुवून पुसायची, कारण आंबट लागलं की पॉलिश मरतं. सहा महिन्यांनी मेणाचा हात. आणि कधी रिबिटाजवळ पिवळा ठिपका दिसलाच तर सुरी माझ्याकडे परत आणून दे, असं मी सांगतो. आतापर्यंत दोन परत आल्या. दोन्हींच्या पट्ट्या काढल्या आणि पुन्हा डब्यात टाकल्या.